दोन गाद्यांमधली फट

पुण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात, मी नर्स म्हणून आयुष्याची बरीच वर्षं काढली. सत्तरच्या दशकात त्या वॉर्डात कधीही डोकावलं तरी चार-पाच खाटांवर अल्सरचे पेशंट असायचेच. जठराच्या तोंडाशी किंवा त्याच्या लगेच पुढे आतड्यात आम्लाने पडलेला व्रण. कुणाला रक्ताच्या उलट्या झालेल्या, कुणाची पुढची वाट आखडून गेल्यामुळे आदल्या दिवशीचं जेवण जसंच्या तसं बाहेर पडणारं, आणि कुणाचा व्रण थेट फुटलेला. हॉटेलातले आचारी, रिक्षावाले, कोर्टातले कारकून. सगळ्यांच्या खिशात खायच्या सोड्याची पुडी.

त्यातला एक पोस्टमन मी अजून विसरलेले नाही. ठरवून, तपासण्या करून, नीट केलेलं ऑपरेशन. अर्धं जठर काढलं होतं. पाचव्या दिवशी आतले टाके सुटले आणि आतड्यातला रस जखमेवाटे बाहेर यायला लागला. हा रस अन्न पचवण्यासाठी असतो. बाहेर आला की तो माणसाची कातडीही पचवायला लागतो. त्या माणसाच्या पोटाची साल सायीसारखी निघायची. चादर बदलायला आम्ही दोघीजणी जवळ गेलो की आधीच डोळे मिटून तो रडायला सुरुवात करायचा. सोळा दिवसांनी गेला.

तेच ऑपरेशन झालेले कितीतरी लोक त्या वर्षी चालत घरी गेले. नारळ-पेढे आणून देऊन गेले. त्यांच्यातला एकही चेहरा मला आठवत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की माझ्या यजमानांनाही अल्सर होता.

ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे, चाऱ्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढायचे. आम्ही विश्रांतवाडीला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. तेव्हा तिकडे घरं कमी आणि माळ जास्त होता. आठ वर्षांची एक मुलगी, आणि लोणी काळभोरहून अधूनमधून येऊन-जाऊन असणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. यांचे धाकटे भाऊ तिकडे शेती बघायचे.

यांचं दुखणं लग्नाआधीपासूनचं. जेवण झाल्यावर दोन-अडीच तासांनी बेंबीच्या वर, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, कुरतडल्यासारखं दुखायचं. काही खाल्लं की थांबायचं. ड्रॉइंग बोर्डावर वाकून काम करताना जास्त व्हायचं, म्हणून ते उभ्याने रेघा मारायचे. ऑफिसातले लोक त्यांना ‘उभे साहेब’ म्हणत. पेन्सिली, खोडरबर, सोड्याची डबी, ग्लुकोजची बिस्किटं, सगळं एका ओळीत मांडलेलं असायचं. स्वभावाने कमी बोलणारे, आणि बोलले की तिरकस. मी पथ्याची यादी वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, “म्हणजे थोडक्यात, जेवण सोडून सगळं खायचं.”

शेवटी मीच त्यांना आमच्या वॉर्डाच्या सर्जनकडे नेलं. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. बेरियम पाजून एक्स-रे काढला. सरांनी फिल्म खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “जुना आहे. खोल आहे. औषधांनी आता फार काही व्हायचं नाही. पोटाकडे जाणाऱ्या नसा कापू म्हणजे आम्ल कमी होईल, आणि जठराला आतड्याची दुसरी वाट जोडून देऊ. वय चौतीस आहे, तब्येत चांगली आहे. आत्ता करून टाकू.”

हे म्हणाले, “आम्ही विचार करून सांगतो.”

घरी आल्यावर यांनी मला विचारलं, “तू रोज बघतेस. तुला काय वाटतं?”

माझ्या डोळ्यांसमोर पोस्टमनचं पोट आलं. ते ऑपरेशन वेगळं होतं, हे मला माहीत होतं. सर सांगत होते त्यात जठर कापायचं नव्हतं. धोका कितीतरी कमी होता. तरीही मी म्हणाले, “नको. पथ्याने चाललंय तोवर चालू दे. पोट उघडलं की काय होतं, ते मी पाहिलंय.”

त्यांनी मान डोलावली. त्यांनाही नकोच होतं, आणि घरातली जाणकार बाई नको म्हणत होती. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. “बाई, माझ्या वॉर्डात काम करता आणि नवऱ्याला ऑपरेशन नको म्हणता? बाहेर कळलं तर माझं दुकान बंद व्हायचं.”

मी हसले. ते हसले नाहीत. “दुखतंय तोवर नशीब म्हणायचं,” ते म्हणाले. “दुखत नाही आणि फुटतं, तेव्हा पंचाईत होते. लक्ष ठेवा.”

दोन वर्षं बरी गेली. दूध, मऊ भात, पांढरं औषध, वेळेवर जेवण. मी मनातल्या मनात सरांवर मात केल्यासारखी वागत होते. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला यांची दाढ किडली. दातांच्या डॉक्टरने ती काढली, पण हिरडी सुजून राहिली. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या संपल्यावर हे स्वतःच दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेत होते. उपाशीपोटी, कारण चावता येत नव्हतं. अशा गोळ्या अल्सरवाल्याने घ्यायच्या नाहीत, हे मला पाठ होतं. गोळ्यांची पट्टी मी त्यांच्या शर्टाच्या खिशात पाहिली होती. “जपून घ्या हो,” एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात वॉर्डात दोघीजणी रजेवर होत्या आणि मी दमून गेले होते. ते काही कारण नव्हे, पण तसं होतं.

रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. हे दाढी करत होते. मी स्वयंपाकघरात होते आणि आत्याबाई मुलीची वेणी घालत होत्या. पत्र्याचं भांडं पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर हे भिंतीला धरून खाली बसलेले, अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि चेहरा चुन्यासारखा.

“सुरी खुपसली कुणीतरी,” ते म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांना खाटेवर आणलं. घामाने बनियन भिजून गेला होता. ते गुडघे पोटाशी घेऊन पडले आणि हलायला तयार होईनात. मी पांढरं औषध दिलं. ते उलटून पडलं. आत्याबाई म्हणाल्या, “वायू धरलाय त्येला. हिंग लाव बेंबीला.” हिंग लावलं.

बाराच्या सुमारास दुखणं कमी झालं. खरंच झालं. चेहऱ्यावर थोडा रंग आला. ते म्हणाले, “गेलं बहुतेक. आता बरं वाटतंय.”

मी त्यांच्या पोटाला हात लावला. ते फळीसारखं होतं. बोटं आत जात नव्हती, श्वासाबरोबर पोट हलत नव्हतं. ही खूण मी वॉर्डात नव्या मुलींना शिकवायचे. त्यांचा हात धरून पेशंटच्या पोटावर ठेवायचे आणि सांगायचे, हे विसरू नका. त्या दुपारी मी स्वतःशी म्हणाले, दुखून दुखून त्यांनी स्नायू आवळून धरलेत. मला कळलं नाही, असं मी पुढे अनेकांना सांगितलं. पण मला कळलं असावं. कळलेलं मान्य केलं असतं तर पुढची गोष्टही मान्य करावी लागली असती, की दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन नको असं मीच म्हटलं होतं.

माझी दोनची ड्यूटी होती. हे म्हणाले, “जा तू. मी झोपतो जरा.” आणि मी गेले. साडी बदलली, टोपी पिशवीत टाकली आणि बस पकडली.

चारच्या सुमाराला मी एका पेशंटला इंजेक्शन द्यायला सिरिंज भरत होते. शेजारच्या खाटेवर एक नवा पेशंट आला होता आणि शिकाऊ डॉक्टर त्याला रोजचेच प्रश्न विचारत होता. कधी दुखायला लागलं? मध्ये कमी झालं होतं का? हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक पोटदुखीवाल्याला विचारायचे. कारण व्रण फुटला की आधी आम्ल पोटभर पसरतं आणि माणूस कळवळतो. मग शरीर त्यात पाणी सोडतं, आम्ल पातळ होतं, आणि दोन-चार तास बरं वाटतं. आत सगळं सडायला सुरुवात झालेली असते, आणि माणूस म्हणतो, गेलं.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. वॉर्डच्या मुख्य सिस्टरना म्हणाले, “मला घरी जायला हवं. आत्ता.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातातून घेतला.

घरी पोचले तेव्हा त्यांचं पोट फुगलेलं होतं. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले, नाडी सुतासारखी. आत्याबाई उशाशी बसून वारा घालत होत्या. “तू गेल्यापासनं असाच पडून हाय,” त्या म्हणाल्या. “बोलत न्हाई.” मुलीला शेजारणीकडे ठेवलं आणि मी आले त्याच रिक्षाने आम्ही त्यांना नेलं. आळंदी रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ते फक्त दात आवळत होते.

एक्स-रेत उजव्या बाजूला छातीच्या पडद्याखाली हवेची कोर स्पष्ट दिसत होती; व्रण फुटून आतली हवा पोटात आली होती. मी ती फिल्म हातात घेऊन मोठ्या सरांसमोर उभी राहिले. रविवार असूनही ते आले होते. त्यांनी फिल्म पाहिली, यांच्या पोटाला हात लावला आणि विचारलं, “किती वाजता सुरू झालं?”

“दहाला.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून गेले होते. मला ते काहीतरी बोलतील असं वाटत होतं. बोलले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “तुम्ही बाहेर थांबा. आज तुम्ही नर्स नाही.”

साडेनऊच्या आत ऑपरेशन झालं. सर हात पुसत बाहेर आले. “नेहमी तांदळाच्या दाण्याएवढं भोक असतं,” ते म्हणाले. “यांचं करंगळी जाईल एवढं होतं. आतल्या चरबीच्या पडद्याचं ठिगळ लावलंय. पोट धुऊन काढलं. आता ठिगळ धरतं का बघायचं.”

पहिले चार दिवस धरलं. नाकातून नळी, हाताला सलाइन, तोंडाने थेंबही नाही. ताप होता, पण ते बोलत होते. आत्याबाई लोणीला जाऊन आल्या. येताना घरच्या गाईचं दूध घेऊन आल्या. मला वाटलं, मुलीसाठी आणलं असेल.

पाचव्या दिवशी दुपारी मी ड्रेसिंग बदलायला घेतलं. नियमाने नातेवाईक नर्सने हे करायचं नसतं, पण मेट्रननी डोळेझाक केली होती. पट्टी उचलली तर जखमेच्या वरच्या टोकाशी पांढरं काहीतरी होतं. पू असा पांढरा नसतो. मी वाकून वास घेतला.

“आत्याबाई, तुम्ही यांना काही पाजलंत का?”

त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. “दोन चमचं दूध,” त्या म्हणाल्या. “जीभ बघितलीस का त्याची? लाकडावाणी झाली हुती. पाणी पाणी करत हुता. पाण्यापरीस दूध बरं म्हनून…”

मी हातातला कापूस तसाच धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जखमेकडे, आणि त्यांना समजलं. त्या तिथेच खाली बसल्या.

सरांना बोलावलं. त्यांनी जखम पाहिली, मग आत्याबाईंकडे पाहून शांतपणे सांगितलं, “आजी, दुधाने भोक पडलेलं नाही. ठिगळ आधीच सुटलं होतं, म्हणून दूध बाहेर दिसलं. तुम्ही दिलं नसतं तर आम्हाला उद्या कळलं असतं.” ते खरं होतं. मीही त्यांना तेच समजावलं, एकदा नाही, दहादा. त्या मान हलवायच्या आणि पदराने तोंड दाबून धरायच्या. त्या दिवसापासून त्यांनी दूध सोडलं. चहासुद्धा कोराच प्यायच्या.

मग पोस्टमनचं जे झालं तेच यांचं सुरू झालं. दिवसाला तांब्याभर रस जखमेतून यायचा. आम्ही जस्ताचं मलम थापायचो. तासाभरात ते वाहून जायचं. कातडी लाल झाली, मग ओली झाली, मग निघायला लागली. पुन्हा एक छोटं ऑपरेशन करून आतड्यात खालच्या बाजूला नळी बसवली आणि तिच्यातून दूध, अंडं, साखर असं मिश्रण सोडायला सुरुवात केली. तरी ते दिवसागणिक वाळत होते. ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की ते डोळे मिटायचे. मी ट्रॉली ढकलत असायचे.

एका दुपारी त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. तापमानाच्या तक्त्याची मागची बाजू दिली. पेन्सिल धरताना त्यांची बोटं थरथरत होती, पण रेघ सरळ आली.

“पंधरा वर्षं कालव्यांचे नकाशे काढतोय,” ते म्हणाले. “गळती लागली की आमच्याकडे वरून लिंपत बसत नाहीत. पाण्याला खाली वाट देतात. तुम्ही लोक मला उताणा ठेवता. मग ते पाणी सगळ्या शेतात पसरणारच की.”

त्यांनी खाट काढली होती. तिच्यावर एका अखंड गादीऐवजी दोन तुकडे, एक छातीखाली, एक मांड्यांखाली, आणि मध्ये वीतभर फट. माणूस पालथा झोपवायचा. जखम बरोबर फटीवर. खाली रुंद तोंडाचं तसराळं. पडणारा रस थेट खाली पडेल, कातडीला लागणार नाही. बाजूला मापंसुद्धा लिहिली होती.

मी तो कागद सरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. “पालथं झोपवणं त्यांना झेपेल का?” असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग म्हणाले, “हे आम्हाला सुचायला हवं होतं.” सुताराला बोलावून संध्याकाळपर्यंत फळ्या आणि गाद्या तयार करून घेतल्या.

चौघांनी मिळून त्यांना पालथं केलं तेव्हा ते ओरडले. त्या सगळ्या दिवसांत तेवढे एकदाच. पण दुसऱ्या दिवशी कातडी कोरडी होती. तिसऱ्या दिवशी कडेने नवी गुलाबी साल दिसायला लागली. उताण्या माणसाला छत दिसतं; यांना आता फरशी दिसत होती. त्यांच्याशी बोलायचं तर आपणच जमिनीवर बसायला हवं. मी खाटेच्या टोकाशी शहाबादी फरशीवर बसायचे. दुसऱ्या बाजूला आत्याबाई. राउंडला येणारे शिकाऊ डॉक्टर आधी अवघडून उभे राहायचे, मग तेही उकिडवे बसायला लागले. हे म्हणाले, “पुण्यात माझ्यापुढे एवढी माणसं वाकलेली प्रथमच बघतोय.”

मुलीला एकदा भेटायला आणलं. ती फरशीवर आडवी झाली आणि खालून त्यांच्याकडे बघत राहिली. शाळेतली कविता म्हणून दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी चूक काढली.

असे नऊ दिवस गेले. त्यातल्या एका दुपारी, आत्याबाई कपडे धुवायला गेल्या होत्या तेव्हा, ते फरशीकडे बघत म्हणाले, “मोठ्या सरांचं तेव्हा ऐकायला हवं होतं.”

‘तुझं ऐकायला नको होतं’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या मनात तसं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ते उत्तराची वाट बघत होते असं मला वाटलं. मी म्हणाले, “पाठीला पावडर लावू का?” ते म्हणाले, “लाव.”

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. खाली तसराळ्यात टप टप असा रोजचा आवाज होता. मग तो आवाज बदलला. सलग धार लागल्यासारखा झाला. मी वाकून पाहिलं. तसराळं लाल झालं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत भरत होतं. रसाने आतली एखादी रक्तवाहिनी खाऊन टाकली होती. मी ओरडले, माणसं धावली. त्यांना उताणं केलं, जखमेत बोळे कोंबले, दोन्ही हातांना रक्ताच्या बाटल्या लावल्या. सर थिएटरमधून तसेच झगा घालून आले. मी यांचं मनगट धरून उभी होते. नाडी आधी पळत होती, मग सुटी सुटी लागत होती, मग मला माझीच नाडी लागायला लागली. सरांनी माझा हात यांच्या मनगटावरून काढला.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. “माज्याच हातनं झालं,” एवढंच म्हणाल्या. तेव्हा मी काही बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. दुसरा वॉर्ड देऊ का, असं मेट्रननी विचारलं. मी नको म्हणाले. ती खाट मोडून फळ्या आणि गाद्यांचे तुकडे सामानाच्या खोलीत ठेवले होते. पुढच्या वर्षी एका शिंप्याचे टाके असेच सुटले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मीच जाऊन ते सामान काढलं. शिंपी साडेपाच आठवडे पालथा पडून होता, भोक आपोआप बुजलं, आणि तो चालत घरी गेला. त्याची बायको माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले. त्या बाईचा मला राग आला होता, हे सांगायला लाज वाटते.

पुढे आम्ल कमी करणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आणि आमच्या वॉर्डातून अल्सरचे पेशंट हळूहळू दिसेनासे झाले. नसा कापायची ऑपरेशनं नव्या डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलेली असायची. मी निवृत्तीला आले तेव्हा आमच्या वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरने मला सांगितलं की हा रोग बहुतेक वेळा एका जंतूने होतो असं आता सिद्ध झालंय. “दोन आठवडे गोळ्या घेतल्या की काम झालं, सिस्टर. काय ते दूध, काय ते पथ्य! तुम्ही लोकांनी किती माणसं कापलीत उगीच.” तो चांगला मुलगा होता. त्याला माझं काही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आले तर आत्याबाई गवार निवडत बसल्या होत्या. हे गेल्यावर त्या लोणीला परत गेल्याच नाहीत. मी ड्यूटीवर असताना मुलीला त्यांनीच वाढवलं, शाळेत सोडलं, लग्नात तिची पाठवणी केली. मी त्यांना डॉक्टरने सांगितलेलं सगळं सांगितलं. जंतू, गोळ्या, दोन आठवडे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आता काय उपेग? माज्या हातनं व्हायचं ते झालं.”

सतरा-अठरा वर्षं त्या हे म्हणत आल्या होत्या, आणि मी दर वेळी नाही हो, तुमचा दोष नाही, असं म्हणत आले होते. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आत्याबाई, तुमच्या हातून नाही झालं. माझ्या हातून झालं.” आणि सगळं सांगितलं. सरांनी ऑपरेशन करू म्हटलं होतं, ते मी नको म्हणाले. खिशातल्या गोळ्या मी पाहिल्या होत्या. त्या रविवारी पोट फळीसारखं लागलं होतं, आणि तरी मी बस पकडली.

त्यांचे हात थांबले होते. त्यांनी विचारलं, “हात लावल्यावर तुला कळलं हुतं?”

“हो.”

“तवाच?”

“हो.”

त्यांनी गवार बाजूला सारली, उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि धाकट्या मुलाला फोन करायला सांगितला. दीर येऊन त्यांना लोणीला घेऊन गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दीड महिना मी एकटी होते. फोन केला तर जाऊबाई उचलायच्या, “झोपल्यात,” म्हणायच्या. मी बोलून चूक केली असं मला रोज वाटायचं, आणि न बोलता राहिले असते तर, असंही वाटायचं. एका दुपारी दाराची कडी वाजली. आत्याबाई उभ्या होत्या. दीर मागून ज्वारीचं पोतं उतरवत होते. आत्याबाईंनी चपला काढल्या, पाय धुतले, आत येऊन माठातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “थकलीयस. जेवतीस का न्हाई?”

त्यानंतर त्या आठ वर्षं जगल्या. त्या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी मला क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तसं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण ‘माज्या हातनं झालं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. शेवटच्या आजारपणात मी त्यांचं सगळं केलं. डॉक्टर पोट तपासायला वाकला की त्या त्याचा हात बाजूला करायच्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, “तिला बघू दे.”